आधी खटका

हिराजी पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा माझ्या अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती. लग्न होऊन पनवेलला आले त्याला आठवडाही झाला नसेल. सासूबाई म्हणाल्या, दुकानात मेकॅनिक आलाय, त्याला चहा नेऊन दे. मी पदर सावरत कपबशी पुढे केली. त्याने चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "नवरा चिकटला. काय करशील?"

मला वाटलं, काहीतरी थट्टा असेल, म्हणून मी जराशी हसले. तो हसला नाही. "मशीनला नवरा चिकटला. तोंडातून आवाज निंगत नाय. काय करशील?" मी घाबरून म्हटलं, "धावत जाऊन ओढीन त्यांना." "मंग तूबी मेलीस," असं म्हणून त्याने भिंतीवरच्या विजेच्या लोखंडी पेटीकडे बोट केलं. "हात नाय लावाचा. आधी खटका. ह्यो दांडा खाली, मंग नवरा. बोल." मी 'आधी खटका' म्हणेपर्यंत त्याने कपाला हात लावला नाही. आत जाऊन मी ओक्साबोक्शी रडले. नव्या नवरीला तिच्या नवऱ्याच्या मरणाचं चित्र दाखवून मग चहा पिणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला नाही.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या पाठीस लागला. कधी मी भाजी चिरत असताना खिडकीतून, कधी बाजारात चार माणसांदेखत. थोरल्या मुलीच्या वेळी माझ्या डोहाळजेवणाला बायका जमल्या होत्या. मी हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी भरून पाटावर बसले होते, तर हा दारात येऊन उभा. "वैनी, नवरा चिकटला." मी दातओठ खात म्हटलं, "आधी खटका." तो मान हलवून निघून गेला आणि ओटी भरणाऱ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. सासूबाई त्याची पाठ वळली की माझ्यावरून आणि ह्यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकत. अशा माणसाचं मी काय म्हणून कौतुक करावं?

ह्यांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, पनवेलच्या बाजारात लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. गावात वीज येऊन फार काळ लोटला नव्हता आणि लग्न, सत्यनारायण, सभा, काहीही असलं तरी कर्णा हवाच, असे ते दिवस होते. दुकानात दोन कर्णे, एक ग्रामोफोन, रेकॉर्डींची पेटी आणि आवाज मोठा करणारं ते मशीन, एवढीच मालमत्ता. मशीन ह्यांनी आपल्या वडिलांची जमीन विकून मुंबईहून आणलं होतं. दुकानाच्या मागेच आमचं घर. स्वयंपाकघर आणि दुकान यांच्यामध्ये एक दार, त्याला लागूनच ती लोखंडी पेटी आणि तिचा दांडा. भाकरी थापता थापता मला तो हाताशी होता, हे हिराजीने मी घरात यायच्या आधीच हेरून ठेवलं असणार.

हिराजी गव्हाणचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. लढाईच्या काळात मुंबईच्या गोदीत बोटींच्या वायरलेसची कामं करायला शिकला आणि तिथेच ह्यांची त्याची ओळख झाली. काळाकभिन्न, काटकुळा, अंगात गंजिफ्रॉक आणि खाकी अर्धी चड्डी. अंगावर धातूचा कण नाही. करदोडासुद्धा चांदीचा नाही, तो म्हणे काळ्या सुताचा होता. दुसऱ्याच्या अंगावरचाही त्याला खपत नसे. माझ्या वडिलांनी ह्यांना लग्नात घातलेली अंगठी त्याने पहिल्याच दिवशी काढायला लावली आणि एकदा मी मशीनवरून वाकून ह्यांना पाण्याचा तांब्या देत होते तर माझ्यावर खेकसला, "ते डोरलं आधी पदरात कोंब. लोंबतंय बघ." सवाष्णीला मंगळसूत्र दिसू देऊ नको म्हणणारा हा कोण लागून गेला? माझं माहेर पेणचं. आमच्याकडे गडीमाणसंसुद्धा सुनेशी नजर खाली घालून बोलत.

आणि अरेतुरे तर विचारूच नका. ह्यांना वसंता, मला तू, सासूबाईंना तू. हे म्हणत, त्यांच्या बोलीत तसंच असतं, मनावर घेऊ नकोस. मी घेत असे. कारण त्याच्या 'तू'मध्ये बोली कमी आणि तुसडेपणा जास्त, हे मला कळत होतं. दुकानात येणाऱ्या माणसाला हा आधी विचारी, "पाय वले हायत का?" ओले असले की उंबऱ्यातच थांबवून ठेवी. स्वतः मशीनजवळ बसताना जाड लाकडी फळीवर बसे आणि चालू मशीनमध्ये फक्त उजवा हात घाले. डावा हात पाठीमागे कमरेवर. कोणी कारण विचारलंच तर म्हणे, "एका हातानं चटका. दोन हातांनी तिरडी." गिऱ्हाइकाशी बोलण्याची ही रीत.

मशीनचं मागचं झाकण तो चार स्क्रूंनी घट्ट बसवी आणि स्क्रू उघडायचा स्क्रू-ड्रायव्हर स्वतःच्या खिशात घेऊन घरी जाई. कधी त्याने झाकण उघडलं तर पहिलं काम ठरलेलं. प्लग काढायचा आणि लाकडी मुठीचा तो स्क्रू-ड्रायव्हर आत एका डबीसारख्या वस्तूवर आडवा टेकवायचा. फाट्कन आवाज होई आणि निळी ठिणगी उडे. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातातलं सूप खाली पडलं. हे मला समजावून सांगायला लागले, की त्या डबीला कंडेन्सर म्हणतात, ती वीज साठवून ठेवते, प्लग काढल्यावरही. हिराजीने ह्यांना मध्येच तोडलं. "म्हावरं पान्याभायेर काढलं म्हंजे पित्त जातंय का? आतच ऱ्हातंय. फुटलं का आख्खं कालवन कडू. आधी पित्त काढाचं." पुढे त्याचं ते पालुपदच झालं. ह्यांनी मशीन नुसतं पुसायला घेतलं तरी कोपऱ्यातून आवाज येई, "पित्त काढलं काय?"

गावागावांतून आमची गिऱ्हाइकं तोडली ती ह्यानेच. एकदा रोडपालीला हळद होती. तिथे वीज नव्हती, म्हणून मशीन मोटारीच्या बॅटरीवर लावलं होतं. आपल्याकडे नवी वस्तू दारात आली की तिला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. लाउडस्पीकर तर वरातीच्या घोड्याइतका मानाचा. नवरीचा मामा भरलं ताट आणि नारळ घेऊन मशीनपाशी आला, हे कौतुकाने बाजूला झाले, आणि हिराजी मशीनला मिठी मारून बसला. मामा म्हणाला, "अरे, बॅटरीवर हाय ना, करंट कुठला त्याला?" हिराजी म्हणाला, "बॅटरी बारीक हाय, पन आत जाऊन तिची येवरी मोठी व्हते, तुझ्या नारलाचं पानी गेलं तर तू न् तुझी भाची दोगंबी गेली. हळदीचं मयत करू नको." हळदीच्या मांडवात हे शब्द. लोक धावून आले, कोणी त्याची गचांडी धरली. त्याने बॅटरीच्या तारा उपटल्या, मशीन डोक्यावर घेतलं आणि शेतांच्या बांधांवरून चालत पनवेलला घेऊन आला. हळद गाण्याविना लागली. रोडपालीने आम्हाला परत कधी बोलावलं नाही, कळंबोलीनेही नाही, कारण मामा कळंबोलीचा होता.

दसऱ्याला तर माझा आणि त्याचा उभा दावा. सगळ्या बाजारात दुकानदार आपापल्या हत्यारांची पूजा करायचे, सोनाराची हातोडी, शिंप्याचं मशीन, वाण्याचा तराजू, सगळ्यांवर झेंडू आणि कुंकू. आमच्या दुकानात हातोडी, पक्कड, कर्णे, ग्रामोफोन यांची पूजा होई, आणि ज्याच्यावर आमची चूल पेटत होती त्या मशीनसमोर हा पहारा देत बसे. मी ताम्हण घेऊन गेले की म्हणे, "लांबून." मी चार हातांवरून अक्षता टाकायच्या. पोटाला देणाऱ्या लक्ष्मीला लांबून अक्षता टाकताना माझ्या डोळ्यांत पाणी येई, आणि ते भक्तीचं नसे.

शेवटी मी ह्यांच्या मागे लागले, की तुम्हीच सगळं शिकून घ्या आणि ह्या खविसाला एकदाचा निरोप द्या. ह्यांना हौस होतीच. स्वभाव म्हणजे लोण्यासारखा. कोणालाही नाही म्हणवत नसे, प्रत्येकाच्या पाठीवर थाप, तोंडात सतत शीळ. भीती हा शब्द ह्यांच्या गावी नव्हता. शेजारच्या हॉटेलातला दिवा लागेना तर स्टुलावर चढून उघड्या तारेला बोट लावून बघत आणि म्हणत, "मुंग्या येताहेत, म्हणजे वीज आहे." लोक हसत. मीही हसत असे. एका दुपारी हिराजी जेवायला गेला असताना ह्यांनी दुसरा स्क्रू-ड्रायव्हर आणून झाकण उघडलं, आणि शीळ घालत दोन्ही हात आत घातले. हिराजी परत आला तो मागून. त्याने ह्यांच्या कानशिलात लगावली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, रस्त्यावर माणसं होती. ह्यांची टोपी खाली पडली.

मी दारातून त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सौम्य भाग तेवढा सांगते. मी म्हटलं, "तुम्हाला विद्या लपवायची आहे. हे शिकले तर तुम्हाला कोण विचारणार? पोटाची भीती वाटते तुम्हाला." तो शांतपणे झाकण बसवत होता. म्हणाला, "शिकंल तो. डोकं हाय त्याला. पन भ्या नाय. बाकी सगलं शिकवीन, भ्या कुठून आनू त्याच्यासाठी?" मी म्हटलं, "उद्यापासून तुम्हाला ह्या घरचा चहा बंद." तो म्हणाला, "बंद कर. वैनी, नवरा चिकटला." तो उभाच राहिला. शेवटी हे म्हणाले, "अगं, सांगून टाक ना," तेव्हा मी पाठ फिरवून सांगितलं.

माणसं मला म्हणत, अशा माणसाच्या मागे काहीतरी कथा असते. डोळ्यांदेखत कोणीतरी गेलं असेल गोदीत, सख्खा मित्र वगैरे. मला ते पटायला लागलं होतं, आणि थोडी दयाही यायला लागली होती. त्याची बहीण सोनूबाय बाजारात मासे विकायला बसायची, मी तिच्याकडूनच घ्यायचे. एकदा निवांत होती म्हणून विचारलं. ती सुरी धुता धुता म्हणाली, "कोन मेलंबिरलं नाय. आमचा हिरू आईच्या पोटातूनच आसा आला. ल्हानपनी पोरं खाडीत उतरली का काठावरून दगड मारायचा, भायेर या म्हनून. एकाचा डोका फोडला." माझी दया तिथेच संपली.

तो दिवस श्रावणाच्या शेवटचा. गणपतीची कामं तोंडावर आली होती. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि दुकानातली जमीन ओलसर झाली होती. मशीन मध्येच घरघरत होतं, म्हणून हिराजी ते चालू ठेवून तपासत होता. फळीवर बसलेला, उजव्या हातातली तपासायची तार आत, डावा हात कमरेवर. मी दारात तांदूळ निवडत उभी होते, कारण उजेड तिथे बरा होता. हे बाहेरून आले ते आनंदाने फुलून. एका मोठ्या मंडळाने दहाही दिवसांचं काम आम्हाला दिलं होतं. ओल्या पायांनी थेट आत आले आणि मागून हिराजीच्या पाठीवर जोरात थाप मारली. "हिराजी, दिवस पालटले आपले."

थापेसरशी तो पुढे गेला. उजवा हात तारेवरून निसटून आत गेला आणि तोल सावरायला डाव्या हाताने मशीनची लोखंडी कड धरली. मग तो तसाच राहिला. ओरडला नाही, हलला नाही. दोन्ही खांदे कानाशी आले होते आणि मान एका बाजूला ताठ झाली होती. हे क्षणभर हसत होते, त्यांना वाटलं तो रागाने गप्प आहे. मग कळलं आणि हे दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावले.

मी ह्यांना हाक मारली नाही. मारली असती तरी हे थांबले नसते, हे मला माहीत होतं. माझा हात दांड्यावर गेला आणि दांडा खाली आला. तांदूळ सगळे जमिनीवर. ह्यांनी त्याला मिठी मारली तेव्हा त्याच्या अंगात वीज उरली नव्हती, म्हणून दोघे नुसतेच एकमेकांवर कोसळले. मी धावले ती ह्यांच्याकडे. ह्यांचा चेहरा चाचपला, हात चाचपले, आणि मग त्या दुसऱ्याकडे पाहिलं. श्वास चालू होता. उजव्या तळव्याचं कातडं जळून पांढरं पडलं होतं आणि तो वास पुढे कित्येक दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

डॉक्टर येईपर्यंत तो शुद्धीवर आला. छताकडे बघत म्हणाला, "खटका कोनी वढला?" मी म्हटलं, "मी." त्याने डोळे मिटले. "उशीर केलास." आभाराचा शब्द एवढाच. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी हसले असते, पण त्या माणसाशी माझं हसण्याचं नातं नव्हतंच.

हात वाचला, पण दोन बोटं तळव्याकडे वळली ती तशीच राहिली, आणि तारेचं बारीक काम त्या हाताने होणार नव्हतं. तो गव्हाणला निघून गेला. त्याच्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्याच्याबरोबरच गेला. दुसरा मेकॅनिक आणायचा तर मुंबईहून, आणि तो आमच्यासारख्यांना कुठला परवडणार? हे म्हणाले, मीच करतो, इतकी वर्षं बघतोच आहे. मला आनंद झाला. घर मोकळं झाल्यासारखं वाटलं. ह्यांना तर स्वतःचं राज्य मिळालं. लोक "वसंतराव मेकॅनिक" म्हणायला लागले, आणि त्या शब्दाने ह्यांची छाती कशी फुगत असे ते मी पाहिलंय.

पण मग मी बघायला लागले. पूर्वी झाकण बंद असे, आता ते कायम उघडं. हे प्लग काढत आणि शीळ घालत हात आत घालत. कधी पित्त काढायची आठवण राही, कधी गिऱ्हाइकाशी बोलण्यात राहून जाई. एकदा हात झटकन मागे आला, कोपर भिंतीवर आपटलं, आणि हे हसून म्हणाले, "चावली लेकाची." माझी भाकरी तव्यावर जळत होती आणि मी दारात त्या दांड्याजवळ उभी होते. हळूहळू मी दिवसभर तिथेच उभी राहायला लागले. भाजी तिथे, निवडणं तिथे, मुलीची वेणी तिथे. पण प्लग काढल्यावर आत जी साठून राहते तिच्यावर दांड्याचा काही उपयोग नाही, एवढं मला हिराजीमुळेच कळत होतं. ह्यांना सांगायचं तरी कसं? आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटत होतं. माझा नवरा ह्या कामात मरणार आहे, हे मला त्या महिन्याभरात अगदी स्पष्ट दिसत होतं आणि मी तोंडातून अवाक्षर काढत नव्हते.

दसरा आला. हे म्हणाले, "यंदा तुझी इच्छा पुरी करायची. लांबून अक्षता नाहीत. झाकण काढतो, अगदी आतल्या काळजाला कुंकू लाव." सकाळी ह्यांनी मशीनचे दोन काचेचे व्हॉल्व्ह पुसायला काढले होते आणि त्यांच्याशिवायच मशीन लावून बघितलं होतं. मग प्लग काढून पाटावर मांडलं. पुढे हातोडी, पक्कड, कर्णे, सगळ्यांना कुंकू लावून झालं. मी गंधाच्या वाटीत बोट बुडवून मशीनकडे वळले, आणि दारात हिराजी.

उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, डाव्या हातात आपट्याची पानं. ह्यांना भरून आलं. "ये रे, ये, सोनं दे." त्याने पानं दिली नाहीत. माझ्या ओल्या बोटाकडे पाहिलं, मग उघड्या मशीनकडे पाहिलं. "पित्त काढलं काय?" हे म्हणाले, "सकाळी जरा चालवून बघितलं तेवढंच, प्लग केव्हाचा काढलाय." तो म्हणाला, "व्हॉल्व्ह काढलेलं चालवलंस. आत साठलेलं उतरंल कुठून? ते व्हॉल्व्हातूनच उतरतं." त्याने पानं खाली टाकली, खिशातून तो जुना स्क्रू-ड्रायव्हर डाव्या हाताने काढला आणि आत टेकवला. फाट्कन आवाज झाला. ठिणगी एवढी मोठी होती की पाटावरचा झेंडू काळा पडला. माझं बोट अजून हवेतच होतं.

मग हिराजी वाकला, पूजेतली हातोडी उचलली आणि मशीनवर घातली. पहिल्या घावाला काचा फुटल्या. हे ओरडत त्याच्या अंगावर गेले, त्याने ह्यांना खांद्याने ढकललं आणि परत मारलं. डाव्या हाताने मारत होता, नेम चुकत होता, पण थांबत नव्हता. आतली तारांची गुंडाळी चेचली, ती डबी चेचली, पत्रा वाकला. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. तुझं वाटोळं होईल म्हटलं, ऐन सणाला म्हटलं. बाजारातली माणसं दारात जमली. ह्यांच्या वडिलांची जमीन त्या मशीनमध्ये होती. दुसरं घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

हातोडी परत पाटावर ठेवून तो माझ्याकडे वळला. घामाने निथळत होता. "आता कर पूजा," म्हणाला. "आता काय चावत नाय." आणि गर्दीतून वाट काढत गेला. हे जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत काचा गोळा करत होते. मी ह्यांच्या हातांतून काचा काढून घेतल्या.

लाउडस्पीकरचा धंदा तिथेच संपला. पुढे ह्यांनी त्याच जागेत सायकली भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्याच्यावर मुलांची शिक्षणं झाली, पण "वसंतराव मेकॅनिक" पुन्हा कोणी म्हटलं नाही. हे कोणाचाही राग धरणारे नव्हेत. हिराजीचा मात्र धरला. त्याचं नाव निघालं की म्हणायचे, "सापाला दूध पाजलं मी." मीही भर घालायचे. माझ्या शिव्या खऱ्याच होत्या. त्या माणसाने मला माझ्याच घरात वर्षानुवर्षं विधवा करून पाहिलं, माझ्या नवऱ्याला बाजारात मारलं, आमची भाकरी फोडली. त्याला क्षमा करावी असं मला कधीही वाटलं नाही. पण तो आणि मी, जगात दोघांनाच एक गोष्ट माहीत होती, की ह्यांच्या हातात ते काम राहू द्यायचं नाही. मला जे बोलायचा धीर झाला नाही ते त्याने हातोडीने केलं. ह्यांच्यासमोर मी हे कबूल केलं असतं तर त्याचा अर्थ असा, की बायकोचाही त्यांच्यावर भरवसा नव्हता. म्हणून मी शिव्यांमध्ये सूर मिसळत राहिले.

काही वर्षांनी एका सकाळी सोनूबायची जागा बाजारात रिकामी दिसली. शेजारची कोळीण म्हणाली, तिचा भाऊ गेला, मिठागरातच गेला, आज न्यायचा हाय. मी पिशवी तशीच घेऊन घरी आले आणि ह्यांना सांगितलं. हे सायकल उलटी करून तिच्या साखळीला ग्रीस लावत होते. म्हणाले, "सुटला," आणि परत कामाला लागले. मी आत जाऊन साधं लुगडं नेसले. बाहेर आले तर ह्यांनी मान वर केली.

"कुठे निघालीस?"

"गव्हाणला."

"त्याच्या मयताला? तू?" ह्यांची शीळ अर्धवट थांबली होती. हात कोपरापर्यंत काळे, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले. "तू कशाला जातेस?"

हा प्रश्न विचारायला हे जिवंत होते, म्हणून मी जात होते. पण तसं सांगितलं असतं तर ह्यांचं मन मोडलं असतं.

"लोकाचार," मी म्हटलं आणि चपला घातल्या.